नट, बोल्ट आणि आटे : घट्ट बसण्यामागचे शास्त्र

हार्डवेअरच्या दुकानात नट-बोल्ट बहुधा वजनावर मिळतात. दुकानदार मूठभर बोल्ट तागडीत टाकतो, तेवढ्याच चाक्या वर घालतो आणि कागदात बांधून देतो. किलोवर विकल्या जाणाऱ्या वस्तूचा फारसा विचार करण्याची आपल्याला सवय नसते. शालेय विज्ञानातही उतरण, तरफ, कप्पी आणि पाचर यांच्या शेवटी स्क्रूचे नाव एका ओळीत येऊन जाते. परंतु वसतिगृहात झोपलेल्या मुलांच्या डोक्यावर फिरणारा पंखा एका बोल्टवर टांगलेला असतो. मुलांना सुट्टीत घरी नेणाऱ्या एस.टी.ची चाके चाक्यांनी आवळलेली असतात. ज्या यंत्रमागांवर आपल्या शहरातील हजारो कुटुंबांची चूल पेटते, त्या मागाचा प्रत्येक सांधा नट-बोल्टांचा आहे. स्मरणिकेत आठवणी आणि मनोगते असतातच. त्यांच्या जोडीला एखादा अभ्यासाचा लेख असावा, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे. विद्यार्थ्यांनी तो पुस्तकासाठी वाचावा. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी मात्र आपल्या हातांच्या अनुभवाशी ताडून पाहावा.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. या विषयाची मराठी पुस्तकात कमी आणि कारखान्यात अधिक घडली आहे. बोल्टवरील सर्पिल खाचांना आपण आटे म्हणतो. नटाला चाकी, आवळण्याच्या हत्याराला पाना आणि वॉशरला वायसर म्हणतो. खाच झिजून चाकी नुसती गरगर फिरू लागली की ‘आटे गेले’. मापासाठी ‘सूत’ हा शब्द आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. म्हणून अर्ध्या इंचाचा बोल्ट चार सुती. हे शब्द गावठी समजून टाळण्याचे काही कारण नाही. ते नेमके आहेत, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे त्यांत आपल्या शहराच्या उद्योगाचा इतिहासही साठलेला आहे.

गुंडाळलेला घाट

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापावा आणि त्याची उभी बाजू पेन्सिलीला लावून तो तिच्याभोवती गुंडाळावा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीवर वळसे घेत चढत जाताना दिसते. आटे म्हणजे हीच कड, लोखंडात कोरलेली. सरळ डोंगर चढवत नाही म्हणून आपण घाटरस्ता वळणावळणाने नेतो. अंतर वाढते, पण चढ सौम्य होतो. बोल्ट म्हणजे एका दांड्याभोवती गुंडाळलेला घाटच होय.

प्रचारातील दहा मिलिमीटर व्यासाचा बोल्ट घेऊ. त्याच्या शेजारशेजारच्या दोन आट्यांमधील अंतर दीड मिलिमीटर असते. चाकी एक पूर्ण फेरा फिरली की ती आट्यांच्या वळशावरून सुमारे २८ मिलिमीटर चालते आणि दीड मिलिमीटर चढते. म्हणजे चढ साधारण १९ ला १ एवढा. सोलापूरहून मुंबईस जाताना गाडी ज्या भोर घाटातून उतरते, तेथील लोहमार्गाचा चढ ३७ ला १ आहे. बोल्टमधला घाट त्याच्या दुप्पट उभा, तरीही अंशांत मोजला तर केवळ तीन अंशांचा.

आता पान्याची दांडी २० सेंटिमीटर लांब धरू. एका फेऱ्यात आपला हात सव्वा मीटरहून थोडा अधिक फिरतो आणि चाकी दीड मिलिमीटर पुढे सरकते. घर्षण नसते तर हाताच्या बळाची आठशेपटीहून अधिक वाढ झाली असती. प्रत्यक्षात ती सुमारे शंभरपट होते. हाताने लावलेल्या बळाचा जवळजवळ निम्मा भाग चाकी आणि वायसर यांच्या घासण्यात जातो. चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या आपसातील घासण्यात जातो. बोल्ट ताणण्याच्या खऱ्या कामासाठी जेमतेम दहा-बारा टक्के उरतात.

विद्यार्थ्याला येथे वाटेल की हे यंत्र फार उधळे आहे. पण हे घर्षण काढून घेतले तर बोल्टाचा काहीच उपयोग राहणार नाही. पाना काढून घेताच चाकी त्या उतारावरून आपोआप उलटी फिरत खाली आली असती. लोखंडावर ठेवलेला लोखंडी ठोकळा सुमारे आठ अंशांच्या उताराशिवाय घसरत नाही, आणि आट्यांचा उतार तर तीनच अंशांचा. म्हणून चाकी जेथे सोडली तेथे थांबते. आवळताना जे घर्षण आपली ताकद खाते, तेच आवळून झाल्यावर रात्रंदिवस पहारा करते.

बोल्ट ही खुंटी नव्हे

बोल्टासंबंधी सर्वांत मोठा गैरसमज असा की तो खुंटीसारखा भोकात अडकून दोन तुकडे धरून ठेवतो. काही ठिकाणी तो तसाही वापरला जातो, त्याविषयी पुढे येईलच. परंतु आवळलेला बोल्ट मुख्यतः खुंटी नसतो. ती एक ताणलेली स्प्रिंग असते. चाकी फिरत पुढे येते, मधले तुकडे दाबले जातात आणि बोल्टाचा दांडा लांबतो. लांबलेला दांडा पूर्वस्थितीला येऊ पाहतो, आणि त्या ओढीने दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबले जातात. एकमेकांवर दाबलेले तुकडे आडवे सरकू शकत नाहीत. खरी पकड ही या दाबाची असते. बोल्ट फक्त तो दाब निर्माण करतो.

हा ताण किती असावा? चांगल्या प्रतीच्या दहा मिलिमीटरच्या बोल्टात तो सुमारे २५,००० न्यूटन ठेवतात, म्हणजे अडीच टनांच्या वजनाएवढा. एकेक क्विंटलची ज्वारीची पंचवीस पोती त्या बोटाएवढ्या दांड्याला टांगावीत, असे समजावे. आणि तो निर्माण करण्यासाठी २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण २५ किलो वजनाएवढा जोर पुरतो. शंभरपट वाढीचा अर्थ हा.

एवढ्या ताणाने पन्नास मिलिमीटर लांबीचा दांडा किती लांबतो, हे मात्र पाहण्यासारखे आहे. सुमारे एक दशांश मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून थोडे अधिक. सारी पकड एवढ्याशा लांबीत साठवलेली असते. समजा, वायसराखाली रंगाचा थर किंवा गंजाची पापडी राहिली आणि काही दिवसांनी ती दबून पाच शतांश मिलिमीटर जागा मोकळी झाली. चाकी तसूभरही फिरलेली नसते, तरीही निम्मा ताण गेलेला असतो. म्हणूनच जाणते कारागीर जोडणीपूर्वी पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करतात, आणि नवी जोडणी थोडी चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावतात. वाहनाचे चाक बसविल्यानंतर काही किलोमीटर चालवून चाक्या पुन्हा तपासाव्यात असे सांगतात, त्याचे कारणही हेच.

यातून आणखी एक गोष्ट निघते. शंभर मिलिमीटर लांबीचा बोल्ट तेवढ्याच ताणाला दुप्पट लांबतो. त्यामुळे पाच शतांश मिलिमीटर जागा मोकळी झाली तर त्याचा निम्मा नव्हे, चौथा हिस्साच ताण जातो. लांब, सडपातळ बोल्ट आखूड आणि जाड बोल्टापेक्षा सैल होण्यास अधिक काळ घेतो. ‘जाड बोल्ट घाला म्हणजे बिनघोर’ हा सल्ला नेहमीच खरा नसतो.

बोल्टाच्या षट्कोनी डोक्यावर पुष्कळदा ८.८ किंवा १०.९ असे आकडे उमटवलेले असतात. ती किंमत किंवा माप नव्हे. ८.८ मधील पहिल्या आठाचा अर्थ असा की त्या पोलादाचा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताणापर्यंत तुटत नाही. दुसऱ्या आठाचा अर्थ असा की त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत तो कायमचा लांबत नाही, सोडताच मूळ लांबीवर येतो. साध्या बोल्टाची प्रत ४.६ असते, हिशेब करून पाहिल्यास त्याची परतण्याची मर्यादा ८.८ च्या निम्म्याहूनही खाली येते. वजनावर मिळणाऱ्या बोल्टांच्या डोक्यावर बहुधा काहीच लिहिलेले नसते. बाकाच्या पायाला तेवढा चालतो. वाहनाच्या चाकाला किंवा फिरत्या यंत्राला तुटलेल्या बोल्टाच्या जागी ‘मापाला बसतो’ एवढ्यावरून तो घालणे म्हणजे पंचवीस पोत्यांचे ओझे दहा पोत्यांच्या दोरखंडाला बांधणे होय.

हाताच्या अंदाजाविषयीही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आपला हात पिळाचा जोर जाणतो, ताण जाणत नाही. कोरड्या, गंजलेल्या आट्यांवर तोच जोर लावला तर बहुतेक बळ घासण्यातच संपते आणि ताण कमी राहतो. तेल लावलेल्या आट्यांवर तोच जोर बोल्ट तोडण्याइतका ताण देऊ शकतो. जोर मोजणारा टॉर्क पाना वापरला, तरी हा फरक पूर्णपणे जात नाही. म्हणून आटे कोरडे ठेवायचे की तेल लावायचे, हे यंत्राच्या पुस्तिकेत दिले असेल तसेच करावे.

एकापेक्षा अधिक बोल्ट असतील तेव्हा क्रमालाही महत्त्व येते. एका बाजूने ओळीने आवळत गेले की पहिला तुकडा तिरपा बसतो आणि आधी आवळलेले बोल्ट नंतर सैल पडतात. समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळणे हाच मार्ग. पंक्चर काढणारा मुलगाही हे करतो, पण ‘का’ म्हणून कोणी विचारत नाही.

यंत्रमाग आणि सैल पडणारी चाकी

सोलापुरातील जोडणीची खरी परीक्षा यंत्रमागावर होते. मागावर धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फेकला जातो. फेकताना काठीचा टोला बसतो, पोहोचल्यावर धोटा आदळून थांबतो, आणि लगेच फणी पुढे येऊन बाण्याच्या धाग्याला ठोकते. चादरीचा असो वा टॉवेलचा, प्रत्येक मागाचा सांगाडा दिवसभर हे हादरे सहन करतो. जॉबर हातात पाना घेऊन मागांमधून का फिरत असतो, हे शेडमध्ये एक तास उभे राहिल्यास कोणालाही कळेल. सैल पडलेला एक बोल्ट आधी कापडात दोष दाखवतो, मग दांडा मोडतो. क्वचित धोटा पेटी चुकवून माग सोडून बाहेर उडतो. तो वेगाने आलेला टोकदार तुकडा असतो, आणि शेजारच्या मागावर माणूस उभा असतो.

हादऱ्यांनी चाकी नेमकी कशी सैल होते? पूर्वी समज असा होता की बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणारे धक्के चाकी हळूहळू उलटी ढकलतात. गेरहार्ट युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी चित्र बदलले. त्याने जोडलेले तुकडे बोल्टाला आडव्या दिशेने मागेपुढे हलवले. तुकडे थोडेसे सरकू लागताच चाकी आपोआप उलटी फिरू लागली आणि थोड्याच वेळात पूर्ण सैल झाली.

याचे कारण वर्गात एका फळीवर दाखवता येते. फळी थोडी तिरपी करून तिच्यावर एक वीट ठेवावी. वीट घसरत नाही, कारण घर्षण तिला धरून आहे. आता विटेला खाली न ढकलता केवळ डावी-उजवीकडे हलवावे. वीट लगेच उताराने खाली सरकू लागते. घर्षण एका वेळी एकाच दिशेला पूर्ण शक्तीने विरोध करू शकते. ते आडव्या हालचालीला तोंड देण्यात गुंतले की उताराच्या दिशेला पहारा उरत नाही. आट्यांच्या त्या तीन अंशांच्या घाटावरही हेच घडते. हजारो वेळा हे घडू लागले की चाकी सुटलीच समजा.

म्हणजे हादरे असोत वा नसोत, तुकडे आडवे सरकले नाहीत तर चाकी सुटत नाही. आणि ते सरकू नयेत म्हणून पुरेसा ताण हवा. पहिला उपाय हाच; उरलेले सगळे त्याच्या मदतीला आहेत. जेथे लोखंडाऐवजी लाकूड आवळायचे असते तेथे ताण टिकवणे कठीण जाते. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि पावसाळ्यात फुगते. अशा जागी रुंद वायसर घालून दाब पसरवावा आणि ऋतू बदलला की पाना फिरवावा, एवढेच करता येते.

स्प्रिंग वायसरावर आमच्या कारागीर बांधवांचा मोठा भरवसा आहे. त्याबाबत आमचे मत थोडे वेगळे आहे, ते मांडतो. स्प्रिंग वायसर बोल्टाच्या पूर्ण ताणाच्या अगदी लहान हिश्श्यातच दबून सपाट होतो. सपाट झाल्यावर तो एक साधा वायसरच असतो. युंकरच्या पद्धतीने घेतलेल्या चाचण्यांत तो चाकीला सुटण्यापासून फारसा अडवताना दिसत नाही. हलक्या जोडणीत त्याचा थोडा उपयोग असेल. मोठ्या हादऱ्याच्या जागी त्याच्यावर विसंबू नये. नायलॉनची कडी बसवलेली चाकी आटे घट्ट धरते आणि पूर्णपणे गळून पडत नाही. मात्र ती वारंवार काढघाल केल्यास नायलॉन झिजते. आट्यांवर लावायचा चिकट द्रव दोन आट्यांमधली फट भरून काढतो आणि आडवी हालचालच थांबवतो. दोन चाक्या एकमेकींवर आवळण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे. पण पातळ चाकी वर घालतात ती चूक. ती खाली, जोडणीलगत घालावी. वरची चाकी आवळली की मुख्य भार तिच्यावर येतो, म्हणून जाड चाकी वरच हवी.

सूत आणि मिलिमीटर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीने आटे पाडी. एका ठिकाणचा बोल्ट दुसऱ्या ठिकाणच्या चाकीला बसत नसे. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमधील अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले आणि त्यांवरून एक मध्यम माप ठरवून १८४१ मध्ये ते सर्वांपुढे मांडले. आट्यांचा कोन ५५ अंशांचा आणि प्रत्येक जाडीला इंचामागे ठरावीक आटे. अर्ध्या इंचाला बारा, हे त्यातलेच. ब्रिटिश यंत्रांनी ही पद्धत उचलली, आणि ती यंत्रे जेथे गेली तेथे आटेही गेले.

सोलापुरात १८६० मध्ये लोहमार्ग आला आणि पुढल्या काही दशकांत ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांची यंत्रसामग्री विलायतेतून येई. ती दुरुस्त करणारा फिटर इंच आणि सुताच्या हिशेबात घडला. पुढे हातमागांच्या पेठांतून यंत्रमागाच्या शेड झाल्या आणि त्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीपर्यंत पसरल्या. माग बदलले, तरी फिटरची भाषा तीच राहिली. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली. मिलिमीटरच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा आहे आणि आट्यांतले अंतर निराळे आहे. त्यामुळे आज एकाच शेडमध्ये, कधी एकाच मागावर दोन्ही पद्धतींचे बोल्ट सापडतात.

येथे खरा धोका आहे. ‘अडीच सुती’ बोल्टाचा व्यास ७.९४ मिलिमीटर असतो. त्याच्या शेजारी आठ मिलिमीटरचा बोल्ट ठेवला तर तो डोळ्यांना सारखाच दिसतो. पण अडीच सुतीच्या आट्यांतले अंतर १.४१ मिलिमीटर असते आणि आठ मिलिमीटरच्या बोल्टाचे १.२५. दहा मिलिमीटर लांबीत एकावर सात आटे बसतात, दुसऱ्यावर आठ. एकाची चाकी दुसऱ्यावर एक-दोन फेरे सहज जाते, मग अडते. घाईतला माणूस समजतो की आटे गंजले आहेत, आणि पान्याला पाइप लावून ती पुढे रेटतो. चाकी आवळल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात आटे एकमेकांना खाऊन बसलेले असतात आणि बोल्टात ताण जवळजवळ नसतो. पहिल्या मोठ्या धक्क्याला ती जोडणी निसटते.

उपाय सोपा आहे. दोन्ही बोल्ट एकमेकांना चिकटवून उजेडासमोर धरावेत. आटे एकमेकांत बसून मधून उजेड आला नाही, तर जात एक. उजेडाच्या चिरा दिसल्या, तर जात वेगळी. आटे मोजण्याची दातेरी पट्टी स्वस्तात मिळते, ती प्रत्येक शेडमध्ये असावी. आणि चाकी आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहावी. जी बोटांनी फिरत नाही, तिला पाना लावू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलांनी पहिल्याच महिन्यात ही सवय लावून घ्यावी.

घट्ट, पण फार नव्हे

आतापर्यंत आम्ही ताणाची महती गायली. रुळांच्या सांध्यावर मात्र गोष्ट वेगळी होते. रुळाच्या दोन टोकांना दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून त्या चार बोल्टांनी आवळतात. रेल्वेत या पट्टीला फिशप्लेट म्हणतात. १३ मीटरचा रूळ तापमान ५० अंशांनी वाढले तर सुमारे साडेसात मिलिमीटर लांबतो. हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत उन्हात पडलेल्या रुळात एवढा फरक सहज पडतो. म्हणून दोन रुळांत फट ठेवलेली असते आणि रुळातली भोके बोल्टापेक्षा मोठी असतात. पट्ट्या रुळाला घट्ट धरतील, पण रूळ पट्ट्यांच्या आत सरकू शकेल, अशी ही जोडणी. पट्ट्या गंजून रुळाला चिकटल्या तर उन्हाळ्यात रूळ वाकण्याचा धोका आणि थंडीत बोल्ट तुटण्याचा. म्हणून सांधे उघडून त्यांना वंगण लावण्याचे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात करण्याची पद्धत आहे. भर उन्हाळ्यात किंवा भर पावसात नाही. आज मुख्य मार्गांवर रूळ जोडून लांबच लांब केलेले आहेत, त्यामुळे सांधे कमी झाले आणि गाडीचा तो खडाड्‌-खडाड्‌ आवाजही कमी झाला.

पण उरलेल्या सांध्यांसाठी आणि बाकीच्या जोडण्यांसाठी कीमन आपल्या वाट्याच्या मार्गावरून रोज चालतो. खांद्यावर पाना आणि हातोडा. ताण डोळ्यांना दिसत नाही, हे त्याला कोणत्याही अभियंत्याइतके ठाऊक असते. म्हणून तो ठोकून पाहतो. ताणलेला बोल्ट खणखणतो, सैल बोल्ट बद्द वाजतो. आपल्या परिचितांपैकी कोणी रुळांवर अशी नोकरी करीत असेल, तर त्याच्या कामाला ‘नुसते चालणे’ म्हणू नये.

उलटे आटे

सर्वसाधारणपणे चाकी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की आवळते. काही जागी मुद्दाम उलटे आटे असतात. सायकलच्या डाव्या पायडलाला ते असतात, कारण पाय मारताना पायडलाचा आस थोडा थोडा फिरण्याचा प्रयत्न करतो. सुलटे आटे असते तर डावे पायडल चालता चालता सुटले असते. दुरुस्तीला शिकाऊ मुलगा ते सोडवण्यासाठी जीव तोडून आवळत राहतो, असे दृश्य आपण पाहिलेच असेल. गॅस वेल्डिंगच्या दुकानात कारण आणखी गंभीर आहे. जळणाऱ्या वायूच्या सिलिंडरला उलटे आटे आणि ऑक्सिजनला सुलटे, म्हणजे चुकून एकाची नळी दुसऱ्याला लागूच नये. अशा चाकीच्या कडांवर बहुधा खाचा कोरलेल्या असतात. त्या खाचा दिसल्या की जोर उलट्या दिशेने लावायचा.

डोक्यावरचा पंखा

शेवटी आपल्या छतावरील पंख्याकडे येतो. येथे बोल्ट खरोखरच खुंटी म्हणून वापरलेला असतो. छताच्या आकड्याभोवती रबरी गुंडी आणि लोखंडी पट्टी असते, आणि तिच्यातून आडवा बोल्ट जातो. रबर दबते आणि काही वर्षांनी वाळते, त्यामुळे या बोल्टात ताण साठवून ठेवता येत नाही. पंखा फिरताना जरासा डोलतो आणि प्रत्येक डोलण्याला बोल्टावर आडवा धक्का बसतो. युंकरच्या प्रयोगात चाकीची जी परीक्षा होते, तीच येथे उन्हाळाभर चालू असते. पंख्याची दांडी खाली मोटारीला जेथे मिळते, तेथेही असाच एक आडवा बोल्ट असतो.

ताणाचा भरवसा नाही, म्हणूनच या बोल्टाच्या टोकाला एक बारीक भोक असते आणि त्यात दुपायी पिन घालतात. चाकी सुटली तरी ती पिनेशी अडते, बोल्ट निघत नाही, पंखा पडत नाही. पंखा पुसण्यासाठी किंवा रंगकामासाठी उतरवला जातो, तेव्हा हीच पिन हरवते. मग तिच्या जागी तारेचा तुकडा वळवला जातो, किंवा खिळा घुसवला जातो, किंवा ते भोक रिकामेच राहते. पिनेची किंमत अगदी किरकोळ असते.

म्हणून प्रत्येक उन्हाळ्याच्या आरंभी, वसतिगृहात आणि आपापल्या घरी, विजेचा मुख्य खटका बंद करून, शिडीवर चढून एवढे पाहावे. वर आकड्याजवळचा बोल्ट आणि खाली मोटारीजवळचा बोल्ट, दोन्हींत पिन आहे का? तिचे दोन्ही पाय पुरेसे फाकवलेले आहेत का? रबर भेगाळलेले आहे का? दांडीला मोटारीत अडकवणारा छोटा स्क्रू घट्ट आहे का? पंख्यावरचे आवरण खाली सरकवल्याशिवाय यातले काही दिसत नाही, म्हणून ते सरकवून पाहावे. एकदा वापरलेली पिन सरळ करून पुन्हा वापरू नये. वाकवून सरळ केलेले लोखंड त्याच जागी तुटते. नवी आणावी, आणि दोन-चार जास्तच आणून ठेवाव्यात.